जहाजं दिसतात, खलाशी कुठे आहेत?

गुलाम-व्यापारी एडवर्ड कोल्स्टनचा कांस्यपुतळा ब्रिस्टलच्या एम शेड संग्रहालयात आज आडवा पडलेला आहे. जून २०२० मध्ये निदर्शकांनी तो चौथऱ्यावरून उतरवला आणि ओढत नेऊन बंदरात टाकला, तोही पेरो या गुलाम माणसाचं नाव लावणाऱ्या पुलाजवळ. पालिकेने पुतळा पाण्यातून काढला, पण निदर्शकांनी अंगावर फासलेला रंग पुसला नाही, त्याला पुन्हा उभंही केलं नाही. २०२१ मध्ये तो काही महिने मांडून शहराचं मत विचारलं गेलं, हजारो लोकांनी ते लेखी कळवलं आणि २०२४ पासून तो निदर्शकांच्या फलकांसह तिथे कायमचा ठेवला गेला. नदीकाठच्या बंदर-शहरांनी आपला इतिहास कसा मांडावा, या वादात इतकं ठाम विधान अलीकडे दुसरं झालेलं नाही.

या शहरांच्या संग्रहालयांना त्याआधीच्या काळात मोठा बहर आला. मे ते जुलै २०११ या तीन महिन्यांत शेल्ट नदीवर अँटवर्पचं मास, ब्रिस्टलचं एम शेड, क्लाइडच्या काठी ग्लासगोचं रिव्हरसाइड आणि मर्सीच्या मुखाशी म्युझियम ऑफ लिव्हरपूल अशी चार संग्रहालयं उघडली. चारही इमारतींवर भरपूर लिहून झालं आहे. ग्लासगोत झाहा हदीदचं नागमोडी छप्पर लक्षात राहतं, त्याखालची मोटारगाड्यांची भिंत विसरली जाते. हॅम्बुर्गचं सागरी संग्रहालय म्हणजे एका संग्राहकाने आयुष्यभर जमवलेल्या हजारो जहाज-प्रतिकृती. त्यात वेड आहे, इतिहास नाही. आणि भिंतीभर लाटा उसळवणारे प्रोजेक्टर आज सगळीकडे आले आहेत. त्यांवर शब्द खर्च करण्याचं कारण नाही.

शब्द खर्च करावेत ते लिव्हरपूलच्या इंटरनॅशनल स्लेव्हरी म्युझियमवर. १९९४ मध्ये तिथल्या सागरी संग्रहालयाच्या तळघरात अटलांटिक गुलाम-व्यापारावर एक दालन सुरू झालं. त्याच दालनाचं २३ ऑगस्ट २००७ रोजी त्याच इमारतीत वर, तिसऱ्या मजल्यावर, स्वतंत्र संग्रहालय झालं. तारीख विचारपूर्वक निवडलेली होती. १७९१ मध्ये याच सुमारास सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी बंड पुकारलं आणि त्यातून हैती जन्माला आला. ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये केलेल्या गुलाम-व्यापार बंदीच्या कायद्याची द्विशताब्दी साजरी होत असताना या संग्रहालयाने उद्घाटनासाठी बंडाचा दिवस धरला. स्वातंत्र्य कोणी दिलं यापेक्षा ते कोणी मिळवलं, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं.

दालनांची रचनाही त्याच विचाराची होती. आत शिरलेला माणूस आधी पश्चिम आफ्रिकेत पोचायचा, एका इग्बो कुटुंबाच्या घरअंगणात. साखळ्या नंतर यायच्या. त्यामुळे पुढे जहाजाच्या तळाशी कोंबलेली माणसं ‘माल’ म्हणून दिसतच नसत. त्यांची घरं, कला आणि देव आपण नुकतेच पाहिलेले असत. ‘ब्रूक्स’ या लिव्हरपूलच्या जहाजाचा दाटीवाटीने माणसं रचलेला नकाशा जगाला ठाऊक आहे, पण त्या नकाशातल्या आकृत्यांना चेहरे नाहीत. ते चेहरे परत देण्याचं काम या संग्रहालयाने केलं. शहरातल्या रस्त्यांना कोणत्या गुलाम-व्यापाऱ्यांची नावं आहेत, हेही त्याने शहरालाच सांगितलं. अँटवर्पचं रेड स्टार लाइन संग्रहालय याच जातकुळीतलं आहे. तिथे बोटी मागे राहतात आणि अमेरिकेला निघालेले, वैद्यकीय तपासणीच्या रांगेत थांबलेले स्थलांतरित त्यांच्या नावानिशी पुढे येतात.

जानेवारी २०२५ पासून लिव्हरपूलची स्लेव्हरी आणि सागरी अशी दोन्ही संग्रहालयं पुनर्बांधणीसाठी बंद आहेत. ती पुन्हा उघडतील तेव्हा त्यांत काय असावं, हे सांगण्याची वेळ आत्ताच आहे. बंदराच्या इतिहासातला एक मोठा समूह अजून कोपऱ्यातच उभा आहे: जहाजांवर राबलेले आशियाई खलाशी.

पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास लास्कर, म्हणजे आशियाई खलाशी, काम करत होते. डेकवर कोकण-गुजरातचे, इंजिनाशी पंजाबी, पठाण आणि सिल्हेटी, सलूनमध्ये गोव्याचे. त्यांचं वेतन गोऱ्या खलाशाच्या वेतनाचा लहानसा हिस्सा होतं आणि झोपायची जागा कायद्यानेच कमी ठरवलेली होती. १३ सप्टेंबर १९४० रोजी ‘सिटी ऑफ बनारस’ लिव्हरपूलहून निघाली. चार दिवसांनी जर्मन पाणबुडीने ती बुडवली. तिच्यावर कॅनडाला पाठवलेली ९० मुलं होती, त्यांतली ७७ गेली. त्या मुलांची आठवण ब्रिटनने जपली, ते योग्यच केलं. पण त्याच रात्री मेलेल्या हिंदी खलाशांची गावं कोणती होती, हे कोण सांगणार? युद्ध संपल्यावर लिव्हरपूलच्या शेकडो चिनी खलाशांना सरकारने गुपचूप देशाबाहेर घालवलं. नवरा कुठे गेला हे कित्येक बायकांना कळलंही नाही. ही बंदराच्या इतिहासातली किरकोळ प्रकरणं नाहीत. बंदर याच माणसांवर चालत होतं.

संग्रहालय म्हणजे न्यायालय नव्हे, लोक मुलाबाळांना घेऊन येतात, त्यांना सुंदर वस्तू पाहू द्या, असं म्हटलं जातं. हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. गलबताची प्रतिकृती मांडणं हासुद्धा एक निवाडाच असतो. तिच्यात शिडं, दोर, तोफा असतात. पगार, कर्ज, मार आणि ताप नसतात. ते वगळणारा तटस्थ राहत नाही, तो जहाजाच्या मालकाची बाजू घेतो. मुलांना सत्य पेलत नाही, हेही खरं नाही. एम शेडमधला आडवा पुतळा मुलांनाही कळतो.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लिव्हरपूलला कापूस पुरवून मुंबई श्रीमंत झाली आणि १८६५ मध्ये कोसळली. ही दोन बंदरं एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. आज लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभं राहत आहे. तिथे हडप्पाकालीन व्यापाराचं वैभव दिसेल, आरमारांचा पराक्रम दिसेल, आणि दिसावाच. पण खलाशांचे मुकादम असलेले सारंग आणि टंडेल, कोळशाच्या भट्टीपुढे उभे राहिलेले आगवाले, मुंबईतल्या धोबी तलावाच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक निवासांमध्ये, पुढच्या बोटीची वाट पाहणारे गोव्याचे तारवटी यांना तिथे दालन मिळालं नाही, तर ते संकुल म्हणजे देखणा पोकळ वाडा ठरेल. आरमार राजांचं असतं, समुद्र खलाशांचा.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. लिव्हरपूलने नव्या मांडणीत बोटींवरच्या हजेरीपटांना दर्शनी जागा द्यावी आणि त्यांतल्या आशियाई नावांचा माग त्यांच्या गावांपर्यंत काढावा. आपल्याकडच्या संग्रहालयांनी रत्नागिरी, रायगड आणि गोव्यात जाऊन खलाशांची कागदपत्रं, पत्रं, फोटो आणि कुडांच्या वह्या आत्ताच गोळा कराव्यात, कारण बोटीवर गेलेल्या जुन्या पिढीतले फार थोडे लोक आता उरले आहेत. आणि ज्यांच्या घरातल्या पेटीत आजोबांची सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये. एखाद्या बंदराचा इतिहास लिहायला तिच्याहून भक्कम पुरावा नाही.