खातेवही आणि क्षितिज : ‘पॅट्रिशियन’ या सागरी व्यापारखेळाविषयीच्या खेळाडूंच्या मतांचे एक वाचन

१

संगणकीय खेळ हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, या प्रश्नाची चर्चा एस्पन आर्सेथ यांच्या ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथानंतर तौलनिक साहित्याच्या क्षेत्रात बरीच झाली. खेळाकडे केवळ ‘वाचण्याची संहिता’ म्हणून पाहू नये, खेळणाऱ्याला तेथे श्रम करून वाट काढावी लागते, हा आर्सेथ यांचा आग्रह आता सर्वसाधारणपणे स्वीकारला गेला आहे. मात्र या चर्चेत खेळाची रचना, तिचे नियम आणि तिच्यातील कथनाचे स्थान यांना जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे खेळणाऱ्याच्या अभिप्रायाला मिळालेले नाही. खेळाडूचे मत म्हणजे ग्राहकाची तक्रार किंवा शिफारस, असे मानून ते बाजूला ठेवले जाते. वाचकाच्या प्रतिसादाला समीक्षाव्यवहारात प्रतिष्ठा देणाऱ्या याउस आणि इझर यांच्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकांनी असे करावे, ही विसंगती आहे.

प्रस्तुत निबंधात ‘पॅट्रिशियन’ या खेळमालिकेविषयीची खेळाडूंची मते विचारासाठी घेतली आहेत. खेळाडू ज्याला या खेळाचा दोष म्हणतात, तो तांत्रिक दोष नसून व्यापाऱ्याच्या कथेविषयीचे एक मार्मिक निरीक्षण आहे. आणि ज्या ठिकाणी खेळाडू दोष पाहतच नाहीत, तेथे या खेळाची खरी मर्यादा आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

‘डेर पॅट्रित्सिअर’ या नावाने या मालिकेतील पहिला खेळ १९९२ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाला. त्याची निर्मिती ग्यूटर्सलो येथील आस्कॉन, म्हणजे पुढे आस्कारोन या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने केली. दुसरा भाग २००० मध्ये आला. त्याची विस्तारित आवृत्ती इंग्रजीत २००३ मध्ये ‘पॅट्रिशियन ३’ या नावाने आली आणि जर्मनीबाहेरील खेळाडूंना ही मालिका मुख्यतः तिच्यामुळे परिचित झाली. खेळाचा अवकाश मध्ययुगीन हान्सा संघाचा, म्हणजे बाल्टिक व उत्तर समुद्राच्या काठच्या व्यापारी शहरांचा आहे. खेळाडू एका लहान व्यापाऱ्याच्या रूपाने आरंभ करतो. धान्य, मीठ, मासे, बिअर, कापड, लोकर, डांबर, कातडी अशा २० जिनसा आणि चार प्रकारची जहाजे एवढ्या सामग्रीवर त्याला आपली पेढी उभारायची असते. प्रत्येक शहरात काही जिनसा पिकतात वा तयार होतात, काहींची तेथे टंचाई असते. माल जसजसा उतरतो तसतसा भाव पडतो, उचलला की चढतो. ज्या शहरात आपले जहाज उभे आहे किंवा आपली वखार आहे, तेथीलच भाव कळतात. धन आणि लौकिक वाढत गेले की व्यापारी नगरसभेत जातो, नगराध्यक्ष होतो आणि अखेरीस संघप्रमुखाच्या पदापर्यंत पोहोचतो.

या खेळाविषयीच्या मतांत एक ठळक द्वंद्व आढळते. आरंभीच्या टप्प्याविषयी खेळाडू जवळजवळ एकमुखाने आपुलकीने बोलतात. एकच जहाज, थोडे मुद्दल, नॉवगोरोडला मिठाचा भाव काय असेल याचा केवळ अंदाज, आणि वाटेत चाच्यांचे भय! या काळातील प्रत्येक फेरी त्यांच्या स्मरणात राहते. खेळ शिकायला कठीण आहे, तो काहीही समजावून सांगत नाही, ही तक्रारही या टप्प्याविषयीच केली जाते. परंतु तीच अडचण पुढे अभिमानाचा विषय होते. उत्तरार्धाविषयीचे मत मात्र वेगळे आहे. जहाजांची संख्या वाढते, तांडेल नेमून दिलेल्या मार्गावर आपोआप फिरू लागतात, वखारीतला मुनीम ठरवून दिलेल्या मर्यादेत खरेदीविक्री करतो, आणि खेळाडूला करण्याजोगे काही उरत नाही. पैसा वाढत राहतो, पण कशासाठी हे कळेनासे होते. अनेकांचा खेळ पराभवाने नव्हे, तर अशा कंटाळ्याने संपतो.

हा कंटाळा रचनाकारांच्या कल्पकतेचा अभाव म्हणून सांगितला जातो. उत्तरार्धात अधिक संकटे, अधिक प्रतिस्पर्धी, अधिक कामे हवी होती, असे सुचवले जाते. खेळाच्या दृष्टीने ही सूचना रास्तच आहे. पण तिच्यात खरा प्रश्न झाकला जातो. ज्या व्यवहाराचे ध्येयच अनिश्चितता नाहीशी करणे हे आहे, त्या व्यवहाराच्या यशात कथा कशी टिकावी?

३

वाल्टर बेन्यामिन यांनी लेस्कोव्हवरील आपल्या १९३६ मधील निबंधात कथा सांगणाऱ्याचे दोन आदिम नमुने कल्पिले आहेत. एक, आपल्या मातीत राहून तिच्या परंपरा जाणणारा शेतकरी. दुसरा, दूरदेशांहून परतलेला व्यापारी खलाशी. दुसऱ्याच्या कथनाचे सामर्थ्य अंतरात असते. ऐकणाऱ्याला जे ठाऊक नाही ते त्याने पाहिलेले असते. ‘पॅट्रिशियन’चा पूर्वार्ध खेळाडूला या खलाशाच्या जागी उभा करतो. क्षितिजापलीकडचे भाव माहीत नसणे हीच तेथे कथेची अट असते. उत्तरार्धात तोच खेळाडू वखारीत बसलेला मालक होतो. आता समुद्र त्याच्यापुढे नसून नकाशा आहे. प्रवास नसून वेळापत्रक आहे. खलाशाची जागा हिशेबनिसाने घेतली की सांगण्याजोगे काही राहत नाही. खेळाडूंना नेमके हेच जाणवलेले असते. त्यांच्यापाशी त्याला ‘कंटाळा’ याखेरीज वेगळा शब्द नसतो इतकेच.

कादंबरीच्या इतिहासातही हा पेच परिचित आहे. डॅनिएल डीफोचा रॉबिन्सन क्रूसो (१७१९) बेटावर आपल्या दैवाचा जमाखर्च मांडतो. तो वाचनीय ठरतो, कारण त्या जमाखर्चाला पुरून उरणारे वादळ, आजार आणि वाळूतले अनोळखी पाऊल तेथे असते. खातेवही संपूर्ण झाली असती तर कादंबरीही संपली असती.

इतिहासाशी तुलना केली असता या प्रश्नाला दुसरी बाजू दिसते. फिरता व्यापारी जाऊन बसता व्यापारी येणे हे स्थित्यंतर हान्सा जगात खरोखर घडले. तेराव्या व चौदाव्या शतकांत मोठे व्यापारी जहाजासोबत जाणे सोडून पत्रे, भागीदार आणि मुनीम यांच्यामार्फत व्यवहार करू लागले. पण त्यामुळे त्यांची अनिश्चितता संपली नाही. ती पत्रांच्या विलंबात शिरली. हिल्डेब्रांड फेकिनहुसेन या ब्रुजस्थित व्यापाऱ्याच्या कुटुंबाची आणि भागीदारांची ५०० हून अधिक पत्रे व त्याच्या हिशेबवह्या आज उपलब्ध आहेत. त्याने १४०७ मध्ये व्हेनिसशी व्यापार करणारी भागीदारी उभी केली; ती बुडाली. कर्ज वाढत गेले आणि १४२२ मध्ये ब्रुज येथे त्याला ऋणकोंच्या तुरुंगात जावे लागले. १४२५ मध्ये तो सुटला आणि पुढच्याच वर्षी वारला. त्याची पत्रे वाचताना लक्षात येते, की मालकाच्या आसनावर बसूनही हा माणूस अंधारातच होता. माल पोहोचला की नाही, भागीदार खरे लिहितो की नाही, भाव पडण्यापूर्वी पत्र हाती येईल की नाही, यांतले काहीच त्याच्या हाती नव्हते. त्यातच मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, २२ फेब्रुवारीपर्यंत जहाजे हाकारण्यास संघाच्या नियमांनी मनाई केलेली असे.

खेळातील मालकाला हा विलंब माहीत नाही. त्याचे प्रत्येक जहाज त्याला समुद्रावर दिसते. वाटेत असलेल्या तांडेलालाही तो तत्क्षणी नवा हुकूम देऊ शकतो. त्याचा मुनीम कधी खोटे बोलत नाही. म्हणून उत्तरार्ध कंटाळवाणा होतो तो व्यापार यशस्वी झाल्यामुळे नव्हे, तर आधुनिक काळातील तात्काळ माहितीचे गृहीतक मध्ययुगावर लादल्यामुळे. पूर्वार्धात हे गृहीतक गरिबीमुळे झाकलेले असते. संपत्ती येताच ते उघडे पडते. खेळाडूंची तक्रार या अर्थाने ऐतिहासिकदृष्ट्याही अचूक आहे.

४

या उणिवेवर खेळाडूंनी काढलेला उपाय समीक्षकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. पुष्कळ जण स्वतःवर बंधने घालून घेतात. एकाच जहाजावर चालायचे, मार्ग आपोआप चालवायचे नाहीत, चाचेगिरी करायची नाही, अमुक एक जिन्नस कधीही विकायची नाही. अशा स्वयंनिर्मित व्रतांसह ते पुन्हा आरंभ करतात. इझर ज्याला संहितेतील रिक्त जागा म्हणतात, त्या येथे वाचक भरत नाही. रचनेने भरून टाकलेल्या जागा तो पुन्हा रिकाम्या करतो. ही केवळ करमणुकीची युक्ती नाही. आपल्याला मिळालेली सर्वज्ञता नाकारल्याखेरीज कथा परत मिळणार नाही, ही जाण त्यामागे आहे.

२००९ मध्ये आस्कारोन बंद पडल्यावर तिच्यातील काहींनी स्थापन केलेल्या गेमिंग माइंड्स या संस्थेने २०१० मध्ये मालिकेचा चौथा भाग आणला. तो अधिक सुलभ होता, आणि जुन्या खेळाडूंचा रोष त्या सुलभतेवरच होता. नवख्यांना तो सोयीचा वाटला; जाणत्यांना त्यात आपले श्रम हिरावले गेल्यासारखे वाटले. आर्सेथ ज्या श्रमाला या प्रकारच्या संहितेचे लक्षण मानतात, त्याच्या बाजूने दिलेली ही साक्षच होय.

५

येथवर खेळाडूंच्या मतांचे समर्थन केले. आता त्यांच्या मौनाकडे वळणे आवश्यक आहे. ‘पॅट्रिशियन’मधील प्रत्येक शहरात श्रीमंत, सुस्थित, गरीब आणि भिकारी असे लोक असतात. भिकारी हे खेळाडूच्या कारखान्यांना लागणाऱ्या मजुरांचा साठा असतात. चर्चमध्ये गरिबांना अन्नदान केले की लौकिक वाढतो. शहरातील सारे धान्य उचलून भाव चढेपर्यंत ते वखारीत दडवून ठेवणेही शक्य असते. खेळाडू या सर्वांची चर्चा करतात, परंतु ती परवडते की नाही याची. साठेबाजी वाईट, कारण लोक शहर सोडून जातात आणि गिऱ्हाईक कमी होते. अन्नदान चांगले, कारण निवडणुकीत उपयोगी पडते. भुकेला खेळाने आकड्याचे रूप दिले आणि खेळाडूने ते निमूटपणे स्वीकारले. जे चाणाक्ष वाचक व्यापाराच्या सर्वज्ञतेविरुद्ध बंड करतात, तेच या हिशेबापुढे मात्र गप्प आहेत.

हान्साच्या इतिहासात ही भूक आकड्यापुरती नव्हती. १२८४ मध्ये वेंडिश शहरांनी नॉर्वेची नाकेबंदी करून धान्याची वाट अडवली. तेथे दुष्काळ पडला आणि नॉर्वेच्या सत्तेला व्यापाऱ्यांच्या अटी मान्य कराव्या लागल्या. बर्गेनमध्ये जर्मन व्यापाऱ्यांचे जे वर्चस्व पुढे दीर्घकाळ टिकले, त्याच्या मुळाशी सुक्या माशांइतकेच हे अडवलेले धान्य आहे. खेळात बर्गेन हे केवळ मासे स्वस्त मिळण्याचे बंदर उरते.

व्यापाऱ्याचे सत्ताधीश होणे हीच या खेळातील प्रगती आहे. या टप्प्यावर मराठी अभ्यासकाला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील हा राजनीतिपर ग्रंथ साहुकारांना राज्याची शोभा मानतो आणि त्यांचे संरक्षण करावयास सांगतो. परंतु टोपीकर हे इतर सावकारांसारखे केवळ सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी राजे आहेत आणि त्यांची दृष्टी भूमीवर आहे, असा सावधगिरीचा इशाराही देतो. हान्साच्या जगाशी या ग्रंथाचा काही संबंध नाही. तुलना केवळ दृष्टिकोनाची आहे. ‘पॅट्रिशियन’ वखारीपासून नगराध्यक्षपदापर्यंतचा मार्ग वखारीच्या आतून दाखवतो. आज्ञापत्र तोच मार्ग वखारीसाठी जागा मागितली जाणाऱ्या किनाऱ्यावरून पाहते. आतून जी उन्नती दिसते, ती किनाऱ्यावरून संकट दिसते. खेळाडूंच्या मतांत ही दुसरी दृष्टी जवळपास नाहीच, कारण खेळाने किनाऱ्यावरच्या माणसाला बोलण्याची जागा ठेवलेली नाही.

संघप्रमुख या पदाविषयीही असेच म्हणता येते. हान्सा संघाला असा एक प्रमुख कधी नव्हता. १३५६ पासून भरणाऱ्या शहरांच्या सभेत प्रतिनिधी विचारविनिमय करीत, निर्णय पुष्कळदा अर्धवट राहत आणि शहरे ते आपल्या सोयीने पाळत. या रेंगाळणाऱ्या, सामुदायिक व्यवहाराच्या जागी खेळाने एक शिखर उभे केले. शिखर असले की चढाई असते, आणि चढाई संपली की कंटाळा असतो. अशा रीतीने खेळाडूंची तक्रार आणि त्यांचे मौन यांचे मूळ एकच ठरते. इतरांच्या इच्छा, विलंब आणि नकार वगळून रचलेले जग एकाच माणसाचे असते; तेथे यश येते, पण त्या यशाला श्रोता उरत नाही.

६

सारांश, खेळाडूंचे अभिप्राय ही समीक्षेच्या आधीची कच्ची सामग्री नसून ती स्वतःच एक समीक्षा आहे. मात्र कोणत्याही समीक्षेप्रमाणे तिलाही तिच्या संहितेने घालून दिलेली दृष्टीची मर्यादा आहे. ‘पॅट्रिशियन’च्या खेळाडूंनी खातेवही आणि क्षितिज यांतला विरोध ओळखला. क्षितिजापलीकडे राहणाऱ्यांचीही एक खातेवही असते आणि तिच्यात १२८४ सारखी वर्षे नोंदलेली असतात, हे ओळखण्यासाठी त्यांना खेळाबाहेर यावे लागेल. तौलनिक अभ्यासाने त्यांच्या मतांच्या शेजारी फेकिनहुसेनची पत्रे आणि आज्ञापत्रासारखे ग्रंथ ठेवले, तर हा बाहेरचा मार्ग त्यांना आणि अभ्यासकांनाही खुला होईल.