चित्राची साक्ष : शालेय जीवनावरील विनोदी चित्रपुस्तके

लहान मुलांच्या चित्रपुस्तकाचे परीक्षण बहुधा दोन वाक्यांत आटोपते. चित्रे आकर्षक आहेत, हे पहिले वाक्य. आणि गोष्टीतून मुलांना चांगला बोध होतो, हे दुसरे. पुस्तक शाळेविषयीचे आणि विनोदी असले म्हणजे दुसऱ्या वाक्याची पंचाईत होते. वर्गातला दंगा, गुरुजींची फजिती, शिक्षेची थट्टा यांतून कोणता बोध काढावयाचा? मग अशा पुस्तकाची बोळवण ‘निखळ करमणूक’ या शब्दांनी केली जाते. ही बोळवण अन्यायाची आहे. शाळा ही मुलाने घराबाहेर पाहिलेली पहिली सत्ता असते. तिच्याविषयी हसणे हे त्या सत्तेविषयी मुलाने केलेले पहिले मतप्रदर्शन असते. म्हणून या पुस्तकांतील हसू कोणाच्या बाजूचे आहे, हा प्रश्न करमणुकीचा नसून वाङ्मयीन मूल्याचा आहे.

हा प्रश्न चित्रपुस्तकातच तीव्रतेने उभा राहतो, याचे कारण या वाङ्मयप्रकाराच्या घडणीत आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नसते किंवा नुकतीच झालेली असते. पुस्तकातील शब्द मोठ्या माणसाच्या ताब्यात असतात. तो ते मोठ्याने वाचून दाखवितो. मूल त्या वेळी चित्र वाचीत असते. एकाच पानाचे असे दोन वाचक असतात, आणि त्यांच्या हाती दोन निरनिराळे पुरावे असतात. शब्द आणि चित्र एकच गोष्ट सांगत असतील तर चित्र ही केवळ सजावट होय. ती दोन निरनिराळ्या गोष्टी सांगू लागली की विनोदाला अवकाश मिळतो. शाळेवरील पुस्तकात हा भेद आणखी अर्थपूर्ण होतो, कारण तेथे शब्द हे शाळेचेच साधन असते. आज्ञा शब्दांत असते, आरोप शब्दांत असतो, शिक्षाही शब्दांत लिहवून घेतली जाते. शब्द शाळेचा आणि चित्र मुलाचे, ही या पुस्तकांतील मूळ विभागणी आहे.

ही विभागणी प्रारंभापासून नव्हती. कोमेनियसचे ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे मुलांसाठी रचलेले सचित्र पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेम्बर्गला प्रसिद्ध झाले. ते पाठ्यपुस्तकच होते, आणि त्याच्या आरंभीच गुरू शिष्याला शहाणे होण्यासाठी बोलावतो. तेथे चित्र शब्दाचा आज्ञाधारक सेवक आहे. हाइन्रिख हॉफमान याच्या १८४५ च्या ‘श्ट्रुव्हेलपेटर’मध्ये चित्रांना विनोदाची धार आली, पण हट्टी मुलांची जी भयंकर दशा शब्द सांगतात तीच चित्रे दाखवितात. विल्हेल्म बुश याच्या ‘माक्स उंड मोरित्स’मध्ये (१८६५) दोन व्रात्य मुले लेंपेल मास्तरांच्या चिलमीत बंदुकीची दारू भरतात. मास्तरांची अशी उघड विटंबना करणाऱ्या या पुस्तकाचा शेवट मात्र त्या दोघांना चक्कीत भरडून बदकांच्या पुढ्यात टाकण्यात होतो. हसण्याची परवानगी मिळाली, पण तिची किंमत अखेरच्या पानावर वसूल करून घेण्यात आली. पुढच्या शतकातील लेखक-चित्रकारांपुढे हाच प्रश्न होता: मुलाला हसू द्यावयाचे आणि शेवटी त्याला चक्कीतही घालावयाचे नाही, हे कसे साधावे?

या प्रश्नाचे सर्वांत समर्थ उत्तर इंग्रज चित्रकार जॉन बर्निंगहॅम (१९३६–२०१९) यांच्या १९८७ मधील पुस्तकात मिळते. नेहमी उशिरा येणाऱ्या एका मुलाची ही गोष्ट आहे. जॉन पॅट्रिक नॉर्मन मॅकहेनेसी हे त्याचे लांबलचक नावच हजेरीपटावरून उतरल्यासारखे वाटते. तो शाळेच्या वाटेला लागतो. गटारातून मगर निघते आणि त्याचे दप्तर पकडते. हातमोजा फेकून तो सुटका करून घेतो. दुसऱ्या खेपेस झुडपातून आलेला सिंह त्याची विजार फाडतो. तिसऱ्या खेपेस पुलावर प्रचंड लाट येऊन तो चिंब भिजतो. मास्तरांना यातले काहीच पटत नाही. आपण खोटे बोलणार नाही, हे त्याने प्रथम ३०० वेळा लिहावयाचे, मग कोपऱ्यात उभे राहून ४०० वेळा म्हणावयाचे, आणि शेवटी खोलीत कोंडून घेऊन ५०० वेळा लिहावयाचे, अशी शिक्षा वाढत जाते.

येथे चित्रांची साक्ष निःसंदिग्ध आहे. मगर चित्रात आहे, सिंह आहे, लाटही आहे. ती मुलाच्या कल्पनेतली आहेत असे सुचविणारी एकही खूण चित्रकाराने ठेवलेली नाही. वाचून दाखविणाऱ्या प्रौढाच्या मनात संशय येतो. पाहणाऱ्या मुलाच्या मनात येत नाही. अशा रीतीने वाचणारा प्रौढ नकळत मास्तरांच्या जागी जाऊन बसतो आणि ऐकणारे मूल साक्षीदार होते. वाटेवरची दृश्ये विस्तीर्ण आणि रंगांनी भारलेली आहेत. वर्गातल्या चित्रांत मात्र पार्श्वभूमी नाहीशी होते आणि झगा व चौकोनी टोपी घातलेले अवाढव्य मास्तर इवल्याशा मुलावर ओणवलेले दिसतात. शाळेबाहेर जग आहे आणि शाळेत केवळ मास्तर आहेत, हे सांगण्यास बर्निंगहॅमना एका शब्दाचीही गरज पडत नाही.

परंतु या पुस्तकाचे खरे मर्म याहून सूक्ष्म आहे. मुलाजवळ पुरावा नाही असे नव्हे. हातमोजा खरोखरच हरवलेला आहे, विजार खरोखरच फाटलेली आहे, कपडे ओले आहेत. मास्तरांना हे सारे दिसते. ते पुरावा नाकारीत नाहीत. त्याचाच दुसरा आरोप करतात. मूल केवळ खोटे बोलणारे ठरत नाही, तर हातमोजा हरविणारे आणि विजार फाडणारेही ठरते. ज्या वस्तूने मूल निर्दोष ठरावे तीच वस्तू त्याच्या शिक्षेच्या वाक्यात जाऊन बसते. लहानपणी ज्याला कधी आपली बाजू सांगावी लागली आहे, त्याला या युक्तिवादाची ओळख पटविण्याची आवश्यकता नाही. पुस्तकाच्या आतल्या वेष्टनपानांवर मुलाच्या कच्च्या अक्षरात तेच ते वाक्य पुनःपुन्हा लिहिलेले आहे. गोष्ट सुरू होण्याआधीच शिक्षेने पान भरलेले असते.

शेवट सर्वश्रुत आहे. एके दिवशी वाटेत काहीच घडत नाही, मुलगा वेळेवर पोहोचतो, आणि छताला मास्तर लटकलेले असतात. एका केसाळ गोरिलाने त्यांना धरून ठेवले आहे. ते खाली उतरविण्याची आज्ञा करतात. मुलगा शांतपणे सांगतो की या भागात छतावर गोरिला वगैरे नसतात. या उत्तरावर मुले खदखदून हसतात, आणि हा सूडाचा आनंद आहे असे सामान्यतः मानले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. येथवर मुलाने उच्चारलेला प्रत्येक शब्द खरा होता आणि प्रत्येक शब्दासाठी त्याला शिक्षा झाली. गोरिला डोळ्यांसमोर असताना तो नाही असे म्हणणे, हे त्याच्या तोंडचे पहिले असत्य आहे. आणि त्यासाठी मात्र त्याला कोणीही शिक्षा करीत नाही. खोटे बोलू नये हे १२०० वेळा घोकविणाऱ्या शाळेने त्याला अखेर खोटे बोलावयास शिकविले. तिने शिकविलेला हा एकच धडा त्याने पुरता आत्मसात केला आहे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शिकण्यासाठी वाटेला लागतो, या शेवटच्या चित्रावर म्हणूनच विजयाबरोबर एक खिन्न छाया पडते. मास्तरांवर मात करताना मुलगा मास्तरांसारखा तर झाला नाही ना, हा प्रश्न पुस्तक उघडपणे विचारीत नाही आणि पुसूनही टाकीत नाही.

बर्निंगहॅम यांचे काही शिक्षण ए. एस. नील यांच्या समरहिल या शाळेत झाले होते. तेथे तासांना बसणे न बसणे मुलांच्या इच्छेवर असे. या माहितीवरून पुस्तकाला एका शिक्षणपद्धतीचा प्रचार समजणे चुकीचे होईल. प्रचाराला उत्तर ठाऊक असते. या पुस्तकाला केवळ अन्यायाची रीत ठाऊक आहे. ज्या वर्षी ते प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, १९८७ मध्ये, इंग्लंडमधील सरकारी शाळांतून शारीरिक शिक्षा कायद्याने बंद झाली, हा योगायोगही लक्षात घेण्यासारखा आहे. कायद्याने छडी काढून घेता येते. अविश्वास काढून घेता येत नाही. बर्निंगहॅम यांचा विषय हा दुसरा आहे.

याच्या उलट टोकाला हॅरी अलार्ड यांनी लिहिलेले व जेम्स मार्शल यांनी चितारलेले ‘मिस नेल्सन इज मिसिंग!’ हे १९७७ चे अमेरिकन पुस्तक आहे. २०७ क्रमांकाच्या वर्गातील मुले प्रेमळ मिस नेल्सनना जुमानीत नाहीत. एके दिवशी त्या येत नाहीत. त्यांच्या जागी काळ्या पोषाखातील कर्दनकाळ मिस व्हायोला स्वाँप येतात. गृहपाठाचा डोंगर कोसळतो आणि गोष्टीचा तास बंद होतो. हवालदिल मुले जुन्या बाईंचा शोध करतात. त्यांना शार्कने गिळले असेल किंवा त्या मंगळावर गेल्या असतील, असे तर्क लढवितात. बाई परततात तेव्हा वर्ग शहाणा झालेला असतो, आणि शेवटी त्यांच्या कपाटात एक काळा पोषाख लटकताना दिसतो. वर्गातील मुलांना जे कधीच कळत नाही ते पुस्तक पाहणाऱ्या मुलाला कळते. मग ते मागची पाने उलटून स्वाँपबाईंच्या चेहऱ्यात नेल्सनबाईंचा चेहरा शोधू लागते. मार्शल यांच्या चित्रांतील मिस्कीलपणा अस्सल आहे. तरीही येथे चित्र मुलांची साक्ष देत नाही. ते बाईंचे गुपित राखते आणि वाचकालाही त्यात सामील करून घेते. मायेला भीतीचे सोंग घेतल्यावाचून वर्गात मान मिळत नाही, या निष्कर्षाला पुस्तक हसते, परंतु तो स्वीकारते.

डेव्हिड शॅनन यांच्या ‘डेव्हिड गोज टु स्कूल’मध्ये (१९९९) विभागणी टोकाला गेली आहे. शब्द जवळजवळ सगळेच मोठ्यांचे, म्हणजे मनाईचे. चित्रे सगळी डेव्हिडच्या अनावर उत्साहाची. त्याच्या आधीचे ‘नो, डेव्हिड!’ (१९९८) हे पुस्तक शॅनन यांनी स्वतः लहान असताना केलेल्या एका वहीवरून सुचले होते. त्या वयात त्यांना लिहिता येणारे शब्द ‘नाही’ आणि ‘डेव्हिड’ एवढेच होते. मुलाच्या अनुभवातील हे अर्क-वाक्य शॅनन यांनी जपले आहे. शाळेच्या पुस्तकाचा शेवट मात्र बाके पुसून मिळविलेल्या ताऱ्यापाशी होतो, आणि तेथे चित्र पुन्हा शाळेच्या सेवेत रुजू होते.

केव्हिन हेंक्स यांच्या ‘लिलीज पर्पल प्लास्टिक पर्स’ने (१९९६) तिसरी वाट काढली आहे. लिली ही उंदराची पिल्लू आपल्या शिक्षकांवर, मिस्टर स्लिंगर यांच्यावर, जीव टाकते. नवी जांभळी पर्स दाखविण्याची तिला घाई होते. ती तासात पुनःपुन्हा व्यत्यय आणते आणि पर्स जप्त होते. चिडून ती शिक्षकांचे एक दुष्ट चित्र काढून त्यांच्या पिशवीत सरकविते. घरी जाताना परत मिळालेल्या पर्समध्ये तिला शिक्षकांची धीर देणारी चिठ्ठी आणि थोडा खाऊ सापडतो. पुढे ती पश्चात्तापाने माफी मागते. येथे चूक मुलाची आहे आणि पुस्तक ती लपवीत नाही. पण चिठ्ठी सापडल्यावर शरमेने लहान लहान होत जाणारी लिली चित्रे ज्या कोवळिकीने दाखवितात, तिच्यामुळे हसू तिच्यावर न राहता तिच्याबरोबरचे होते. शिक्षक मोठे ठरतात ते शिक्षेमुळे नव्हे. तिची बाजू त्यांना तिने सांगण्यापूर्वीच उमगलेली असते, म्हणून.

मराठी वाचकाला या पुस्तकांचा विचार करण्याचे विशेष कारण आहे. शाळेवरील मराठी विनोद समृद्ध आहे. परंतु तो बहुतांशी प्रौढांच्या आठवणींचा विनोद आहे. पु. ल. देशपांडे यांचे चितळे मास्तर (‘व्यक्ती आणि वल्ली’, १९६२) हे त्याचे मनोहर उदाहरण होय. त्यातले हसू कृतज्ञतेने ओले झालेले आहे, कारण मधे वर्षे लोटली आहेत. ‘श्यामची आई’ या १९५३ च्या चित्रपटातील छडी आणि विद्या यांची सांगड घालणारे गाणे आजही प्रौढ माणसे हसत गुणगुणतात. अंगठे धरून उभे राहिल्याची हकिगत वीस वर्षांनी विनोदी होते. उभे असताना ती विनोदी नसते. चित्रपुस्तकाचा विनोद त्या उभ्या असलेल्या मुलासाठी असतो. उद्या त्याला पुन्हा त्याच वर्गात जावयाचे असते. आठवणीतला विनोद क्षमा करतो. चित्रपुस्तकातील विनोदाने आधी विश्वास ठेवावयास हवा.

भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. कायद्याने केलेले काम वाङ्मयाने पुन्हा करण्याचे कारण नाही. वाङ्मयाचे काम निराळे आहे, आणि त्यासाठी मराठीत चित्राला शब्दाचे दास्य सोडावे लागेल. लिहिणारा एक, चितारणारा दुसरा, आणि दुसऱ्याने पहिल्याचे वाक्य रंगवून द्यावयाचे, या प्रथेतून चित्राची स्वतंत्र साक्ष निर्माण होणे कठीण असते. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या स्वतः लिहून स्वतः चितारणाऱ्या लेखिकेने मराठीत वेगळी वाट दाखविली आहे. समीक्षेनेही पहिले वाक्य चित्रांच्या आकर्षकपणावर संपविण्याची सवय टाकली पाहिजे. चित्र शब्दाशी सहमत आहे की नाही, नसेल तर खरे कोण सांगते, आणि शेवटच्या पानावर त्या खऱ्याचे काय होते, हे तीन प्रश्न अशा कोणत्याही पुस्तकाला विचारता येतात. त्यांच्या उत्तरांत त्या पुस्तकाची योग्यता सामावलेली असते. वाचून दाखविणारा माणूस थांबून म्हणतो की गटारात मगर नसते; मांडीवरचे मूल न बोलता चित्रावर बोट ठेवते. ते बोट खरे ठरविणारे पुस्तकच या प्रकारातले श्रेष्ठ पुस्तक होय.