एका दंडवाचक क्रियापदाविषयीं

इंग्रजी ग्रंथांचीं मराठी भाषांतरें वाचतांना 'चॅस्टाइज' ह्या क्रियापदापाशीं आम्हांस नेहमी अडखळल्यासारखें होतें. भाषांतरकार तेथें बहुधा 'शिक्षा करणें' एवढें लिहून पुढें जातो. कोशांतहि तोच अर्थ सांपडतो. तेव्हां त्यास दोष तरी काय द्यावा? परंतु 'पनिश' आणि 'चॅस्टाइज' हीं क्रियापदें एकाच मापाचीं असतीं, तर इंग्रजांनीं दोन्ही इतकीं शतकें जपून ठेविलीं नसतीं.

'पनिश'च्या मुळाशीं दंडाची, भरपाईची कल्पना आहे. अपराध झाला, त्याचें मोल वसूल केलें, हिशेब मिटला. 'चॅस्टाइज'चें घराणें निराळें. लॅटिन भाषेंत 'कास्तुस' म्हणजे शुद्ध. त्यावरून 'कास्तिगारे', म्हणजे शुद्ध करणें, सुधारणें. एर्मोलाओ बार्बारो ह्या इटालियन पंडितानें प्लिनीच्या ग्रंथांतील अपपाठ दुरुस्त करून १४९२-९३ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें, त्याचें नांवच मुळीं 'कास्तिगातिओनेस प्लिनिआने'. पोथींतली चूक काढणें आणि पोराच्या पाठीवर वेत ओढणें, दोहोंस एकच शब्द! ह्या कुळांतील 'कॅस्टिगेट' आज चारचौघांत कठोर शब्दांनीं झोडपण्यापुरतें उरलें आहे; 'चेसन' हें क्रियापद अनुभवानें माणूस नमला, निवळला, अशा ठिकाणीं येतें. 'चॅस्टाइज' मात्र अजून हात उगारूनच उभें आहे, जरी वर्तमानपत्रांत हल्लीं त्याचा अर्थ खडसावण्यापलीकडे फारसा जात नाहीं.

ह्या शुद्धीच्या दाव्यांतच खरी अडचण आहे. १८६० सालीं इंग्लंडांत ईस्टबोर्न येथें थॉमस हॉप्ली नांवाच्या शिक्षकानें रेजिनाल्ड कॅन्सेलर ह्या विद्यार्थ्यास इतकें मारिलें कीं, तो प्राणास मुकला. मुलाच्या बापाची लेखी संमति गुरुजींनीं आधींच घेतली होती. हॉप्लीस चार वर्षांची सक्तमजुरी झाली. पण त्याच खटल्यांत न्यायमूर्तींनीं असेंहि सांगितलें कीं, मुलांतील वाईट प्रवृत्ति सुधारण्यासाठीं आईबापांनीं वा शिक्षकानें माफक मार दिल्यास तो गुन्हा नव्हे. मात्र तो रागाच्या भरांत किंवा प्रमाणाबाहेर नसावा. 'वाजवी चॅस्टाइझमेंट' ह्या नांवानें हें तत्त्व पुढें शंभरावर वर्षें चाललें. घरांतील मारास असलेला हा आधार स्कॉटलंडनें २०२० सालीं व वेल्सनें २०२२ सालीं काढून घेतला. 'पनिश' शब्दास असा आश्रय कधींच मिळाला नसता, असें आम्ही म्हणत नाहीं. पण मारणाऱ्याच्या हेतूची ग्वाही आपल्या पोटांत बाळगणारा शब्द हाताशीं असला कीं बचाव अर्धा झालेलाच असतो.

आतां मराठीकडे. 'ताडन' म्हटलें कीं केवळ शरीर दिसतें. 'शिक्षा' शब्दाची गंमत अशी कीं, संस्कृतांत तो अध्ययनाचा. हिंदींत तो शिक्षणाचाच राहिला, आणि आम्हीं त्यास तुरुंगांत नेऊन बसविलें. हिंदींतील 'शिक्षामंत्री' हें पद प्रथम ऐकणारा मराठी मुलगा दचकतो तें ह्यामुळेंच. मूळ शिक्षण मराठींतल्या ह्या शब्दांतून इतकें निघून गेलें आहे कीं, त्यांत सुधारणेचा दावा कोणास ऐकूं येत नाहीं. आमच्या मतें सर्वांत जवळचा शब्द 'शासन'. 'शास्' ह्या एकाच धातूंत शिकविणें, आज्ञा करणें व दंड करणें तिन्ही आहेत. शास्त्र आणि शिष्य हे शब्दहि त्याचेच. दुर्दैव एवढेंच कीं, आज 'शासन' म्हटलें कीं वाचकाच्या डोळ्यांपुढें सचिवालय उभें राहतें.

म्हणून एकच प्रतिशब्द सर्वत्र चिकटवूं नये. संपादकानें मंत्र्यास 'चॅस्टाइज' केलें असेल, तर 'कानउघाडणी केली' पुरे. बाप मुलास करीत असेल, तर 'वळण लावण्यासाठीं मारिलें' असें लांबलचक लिहावें लागलें तरी लिहावें; त्या 'साठीं'मध्येंच बापाची बाजू आहे, आणि ती वाचकास दिसली पाहिजे. इंग्रजी बायबलाच्या १६११ च्या भाषांतरांत रहबाम राजा प्रजेस धमकावतो कीं, बापाचे चाबूक होते, माझे विंचू असतील. तेथें क्रियापद हेंच आहे. तेथें मात्र आम्ही बेलाशक 'शासन' लिहूं.