पडद्यावर झाकलेले, तारेवर उघडे

इंटरनेटवरून फाइली पाठवण्याची 'एफटीपी' ही पद्धत अभय भूषण यांनी १९७१ मध्ये एमआयटीत मांडली. तिचे रूढ रूप जॉन पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांच्या १९८५ च्या 'आरएफसी ९५९' या दस्तऐवजात आहे. तो वाचनीय आहे. आज्ञांसाठी एक जोडणी आणि फाइलीसाठी दुसरी, ही विभागणी त्यात नीट उलगडते. उत्तरांचे तीन अंकी आकडे तर फारच सुटसुटीत: पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती, पुन्हा प्रयत्न करावा, ५ असेल तर तीच आज्ञा पुन्हा देऊन उपयोग नाही. (आपल्या प्रगतिपुस्तकांत इतका स्पष्टपणा कधी येणार!)

परवलीच्या शब्दापाशी मात्र लेखकांची नजर तोकडी पडते. तो शब्द टंकताना पडद्यावर दिसू नये, याची काळजी ते घेतात. पण तारेवरून तो उघड्या अक्षरांतच जातो. शेजारी बसलेल्याची भीती वाटते, वाटेत टपलेल्याची नाही! तेव्हा जाळ्यावर मोजक्याच संस्था होत्या, हे खरे. तरी कूटलेखनाचे डीईएस मानक अमेरिकेत १९७७ पासूनच होते. एफटीपीला सुरक्षेची अधिकृत पुरवणी जोडली गेली ती १९९७ मध्ये. पुढे २०२१ मध्ये क्रोम व फायरफॉक्स या दोन्ही न्याहाळकांनी एफटीपीला रजा दिली.