मान खाली घालून काढलेला फोटो

तुमच्याही घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात फोटोंची एक पिशवी असेल. अल्बममध्ये लावायचे राहून गेलेले फोटो, आणि त्यांतल्या बऱ्याच फोटोंच्या दोन-दोन प्रती. ड्रगस्टोअरमध्ये रोल धुवायला टाकताना आपण 'डबल प्रिंट' सांगायचो. एक प्रत आपल्याला, एक भारतात पाठवायला. त्या फोटोंत काय आहे हे पिशवी न उघडताही सांगता येईल. पहिली गाडी आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे आपण. पहिला बर्फ आणि सेलमध्ये घेतलेला, एक माप मोठा असलेला कोट. नायगारा. नव्या घराची चावी. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण ते फोटो दाखवण्यासाठी काढलेले होते; "आम्ही इथे बरे आहोत" हे वाक्य पत्रात लिहिण्याऐवजी आपण पाकिटात घालून पाठवत होतो.

अशाच एका पाकिटानंतर आई फोनवर म्हणाली होती, "फोटो छान आलेत गं सगळे. पण तू कशी आहेस ते काही त्यात कळत नाही." तेव्हा फोनचे मिनिटाला पैसे पडायचे, म्हणून मी हसून विषय बदलला. तो प्रश्न मला पुन्हा भेटला तो 'व्हिव्हियन मायर: सेल्फ-पोर्ट्रेट्स' हे पुस्तक चाळताना.

फोटोग्राफी हा आत्मपरीक्षणाचा मार्ग आहे, असं हल्ली वारंवार ऐकू येतं. कॅमेरा घेऊन चालायला लागा, म्हणजे स्वतःची भेट होते. फोटो काढणं हे एक प्रकारचं ध्यान आहे, वगैरे. असं काही ऐकलं की मला थोडा संशय येतो. दिवसाला पन्नास फोटो काढणारे आपण सगळे एव्हाना मोठे आत्मज्ञानी व्हायला हवे होतो. तेव्हा हे विधान तपासायचं तर ते अशा माणसावर तपासावं, जिने आयुष्यभर फोटो काढले, स्वतःचेही पुष्कळ काढले, आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. मायर ही ती बाई.

तिची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आई फ्रेंच, वडील ऑस्ट्रियन, जन्म न्यूयॉर्कचा, १९२६ चा. बालपणाचा काही भाग फ्रेंच आल्प्समधल्या एका खोऱ्यात गेला. १९५१ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली आणि १९५६ मध्ये शिकागो परिसरात आली. पुढची सुमारे चाळीस वर्षं तिने लोकांची मुलं सांभाळली. मुलांना फिरायला न्यायची तेव्हा आणि सुट्टीच्या दिवशी, गळ्यात कॅमेरा असायचाच. १९५९ मध्ये ती एकटी जगप्रवासाला निघाली, त्यात भारतही पाहून आली. उतारवयात पैशांची चणचण होती. सामान ठेवलेल्या गाळ्यांचं भाडं थकलं आणि २००७ मध्ये त्या सामानाचा लिलाव झाला. जॉन मलूफ नावाचा तरुण शिकागोच्या एका वस्तीच्या इतिहासासाठी जुने फोटो शोधत होता, त्याने एक खोकं विकत घेतलं. हे फोटो काढणारी व्यक्ती कोण, हे त्याला कळलं ते २००९ च्या एप्रिलमध्ये, वर्तमानपत्रातल्या तिच्या निधनाच्या सूचनेवरून. ती काही दिवसांपूर्वीच गेली होती. मागे लाखाच्या वर निगेटिव्ह होत्या आणि शेकडो रोल असे, जे तिने कधी धुतलेच नव्हते.

या शेवटच्या वाक्यापाशी थोडं थांबा. शेकडो रोल धुतलेच नाहीत. म्हणजे काढलेले हजारो फोटो तिने स्वतःही पाहिले नाहीत. फोटो बघून माणूस अंतर्मुख होतो असं म्हणावं, तर इथे बघणं झालेलंच नाही. तिला जे काही मिळालं असेल ते फोटो काढण्याच्या क्षणीच मिळालं. म्हणून आधी तिचा कॅमेरा समजून घ्यायला हवा.

पन्नाशीच्या दशकापासून तिच्याकडे रोलायफ्लेक्स होता. एकावर एक दोन भिंगं असलेला हा चौकोनी डबा डोळ्याला लावायचा नसतो. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचं. वरच्या भिंगातून आलेलं दृश्य आतल्या आरशावरून त्या काचेवर पडतं, तेही डावं-उजवं उलटून. खालचं भिंग फोटो घेतं. एका रोलमध्ये चौरस आकाराचे बारा फोटो. खटक्याचा आवाज जवळजवळ नाहीच. रस्त्यावर समोरच्या माणसाला वाटतं, बाई खाली बघून डब्याशी काहीतरी खुडबुड करते आहे.

आता या कॅमेऱ्याने आरशातला स्वतःचा फोटो कसा निघेल, ते डोळ्यांसमोर आणा. काचेत बघून चौकट ठरवायची, तर मान खाली. आरशात दिसतो तो डोक्याचा भांग. चेहरा हवा असेल तर आधी सगळं ठरवून घ्यायचं, मग मान वर करायची, आरशाकडे पाहायचं आणि न बघता बटण दाबायचं. मायरच्या अनेक आत्मचित्रांत ती सरळ समोर किंवा किंचित बाजूला पाहते आहे. म्हणजे त्या क्षणी फोटो कसा दिसतोय हे तिला दिसत नव्हतं. चित्र ठरवणं आणि बटण दाबणं यांच्यामध्ये एक श्वासाएवढा वेळ आहे, आणि त्या वेळात ती स्वतःला कॅमेऱ्याच्या हवाली करते. फोनचा पुढचा कॅमेरा हा वेळच ठेवत नाही. आपण आपल्याला पाहत पाहत हसू जुळवतो, हनुवटी जराशी वर करतो आणि पसंत पडल्यावर फोटो घेतो. मायर हसत नाही. चेहऱ्यावर दुःखही नाही. एखादी वस्तू जागेवर आहे ना, हे बघावं तशी ती स्वतःकडे बघते.

आणि कुठे कुठे बघते! दुकानाच्या काचेत, जिथे तिचा चेहरा आतल्या मालात मिसळून जातो. बहिर्गोल आरशात, जिथे ती एवढीशी होऊन कोपऱ्यात जाते. समोरासमोरच्या आरशांत, जिथे एकीच्या मागे दुसरी अशी रांग लागते. एका फोटोत एक कामगार मोठा आरसा उचलून नेतो आहे आणि जाता जाता त्या आरशात ती सापडते. माझ्या मते हा या पुस्तकातला सगळ्यात बोलका फोटो. आरसा तिचा नाही, तिच्यासाठी थांबलेलाही नाही. आणखी दोन पावलं, आणि त्यात झाड दिसलं असतं किंवा आभाळ. परक्या गावात आपण दिसतो ते असेच, कुणाच्यातरी आरशात, तो पुढे जाईपर्यंत.

पण मला जास्त गुंतवतात ती तिच्या सावलीची चित्रं. रुंद कडेची टोपी, लांब कोट, आणि जमिनीवर पसरलेली काळी आकृती. कधी ती गवतावर पडते, कधी फुटपाथवर, कधी दुसऱ्याच माणसावर. मायरने रस्त्यावरच्या लोकांचे जे फोटो काढले ते सगळेच सौम्य नाहीत. रडणारी मुलं, बाकावर झोपलेले दारुडे, फाटक्या कपड्यांतली म्हातारी माणसं. त्यांना न विचारता काढलेले हे फोटो आपल्याला अवघडून टाकतात. त्यांच्या शेजारी सावलीची चित्रं ठेवून पाहा. 'मी इथे उभी होते, इथून पाहत होते' एवढंच ती सावली सांगते. ती माफी मागत नाही, पण पाहणाऱ्याला चौकटीबाहेर लपूही देत नाही.

मला वाटतं, फोटोग्राफीतून आत्मपरीक्षण घडत असेल तर ते इथे घडतं. स्वतःचा चेहरा निरखण्यात ते फारसं नाही. आपण कुठे उभे राहिलो, कुणाकडे पाहिलं, किती अंतर ठेवलं आणि ते का ठेवलं, याची कबुली देण्यात ते आहे. कॅमेरा ही कबुली आपोआप नोंदवतो, कारण प्रत्येक फोटो कुठूनतरी काढलेला असतो. आपण फक्त ती वाचत नाही.

एवढं मान्य केल्यावर या पुस्तकाबद्दलची माझी तक्रार. सगळी आत्मचित्रं एकत्र करून, एकापाठोपाठ एक छापल्यावर वाटतं की ही बाई सतत स्वतःचाच शोध घेत होती. पण बारा फोटोंच्या रोलमधून एक फोटो उचलून घेतला की त्याच्या मागचे-पुढचे अकरा आपल्याला दिसत नाहीत. मुलांचा खेळ, बाजार, कुणाची तरी पाठमोरी आकृती, मध्येच एक स्वतःची सावली, आणि पुन्हा रस्ता, अशा ओघात आलेला फोटो वेगळं बोलतो. मायरने स्वतः फारच थोडे फोटो छापले. आज भिंतीवर टांगलेले बहुतेक प्रिंट तिच्या मृत्यूनंतर, इतरांच्या निवडीने तयार झाले आहेत. म्हणजे ज्याला आपण तिचं आत्मपरीक्षण म्हणतो, त्याची संकलनाची कात्री दुसऱ्यांच्या हातात होती. तिच्या फोटोंचे हक्क कुणाचे यावर पुढे कोर्टकचेरीही झाली. हे विसरून 'मायरचं अंतरंग' वगैरे शब्द वापरणं बरं नाही.

'फाइंडिंग व्हिव्हियन मायर' हा ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेला माहितीपट तर या बाबतीत आणखी घाई करतो. तिने सांभाळलेली, आता मोठी झालेली मुलं बोलतात. कुणाला ती मायाळू आठवते, कुणाला कठोर. तिच्या खोलीत वर्तमानपत्रांचे ढीग होते, दाराला कुलूप होतं, ती आपलं नाव वेगवेगळं सांगायची, तिच्या बोलण्यात फ्रेंच हेल होता आणि तो खरा की आणलेला यावरही चर्चा होते. चित्रपट बघण्यासारखा आहे, पण तो तिच्याकडे कोड्यासारखं बघतो: ही अशी का होती? आपल्यासारख्या वाचकाला त्यातलं निम्मं कोडं पडतच नाही. कॉफीच्या दुकानात सोपं पडावं म्हणून भलतंच नाव सांगणारे आपण. फोनवर बँकेशी बोलताना एक उच्चार आणि फोन ठेवल्यावर दुसरा, हेही आपल्याला नवीन नाही. दोन देशांत वाढलेली, दुसऱ्याच्या घरात राहून काम करणारी बाई आपल्या खोलीला कुलूप लावते, यात मला रहस्य दिसत नाही. तिला तेवढी एकच जागा होती. कदाचित दुसरी जागा म्हणजे तो डबा.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर मीही तिची पोथी करून बसेन. कॅमेरा लपायलाही फार सोयीचा असतो. आपल्याकडच्या गणपतीच्या कार्यक्रमात एक जण कायम फोटो काढत असतो, आठवतं? तो कुणाशी बोलत नाही, पंगतीत शेवटी बसतो, आणि वर्षानुवर्षं कुठल्याच फोटोत नसतो. त्याला आपण हौशी म्हणतो. मायरच्या लाखभर फोटोंतही असं लपणं असणार. न धुतलेल्या रोलचा अर्थ पैसे नव्हते एवढाच असेल, किंवा पाहायचं धैर्य नव्हतं असाही असेल. ते आपण ठरवू शकत नाही. स्वतःकडे पाहिलं म्हणून आयुष्य सोपं झालं, असं तर तिच्या बाबतीत मुळीच म्हणता येत नाही. शेवटच्या वर्षांत ती शिकागोच्या उत्तर टोकाला, रॉजर्स पार्कमध्ये राहायची आणि तळ्याकाठच्या बाकावर बसलेली दिसायची. तिने सांभाळलेल्या मुलांपैकी काहींनी तिच्या घरभाड्याची सोय केली होती. २००८ च्या हिवाळ्यात ती बर्फावरून पडली आणि त्यातून सावरली नाही. आत्मपरीक्षणाने मनःशांती मिळते असं सांगणाऱ्यांनी तिचं नाव घेऊ नये.

मग तिच्याकडून घ्यायचं काय? मी एक साधी गोष्ट केली, ती तुम्हीही करून पाहा. पिशवी खाली काढा आणि ज्या फोटोंच्या दोन्ही प्रती अजून घरातच आहेत, तेवढे वेगळे करा. हे आपण भारतात न पाठवलेले फोटो. कुणाचे डोळे मिटलेले, कुणी तोंड फिरवलेलं, मागे पसारा. माझ्या पिशवीत असे बावीस निघाले. त्यातल्या एकात माझा तीन वर्षांचा मुलगा बागेत उभा आहे, डोळे बारीक करून. 'सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढावा' हा नियम मी तंतोतंत पाळलेला, त्यामुळे माझी लांबच लांब सावली गवतावरून त्याच्या पायांपर्यंत गेली आहे. कोपरं बाहेर आलेली, खांदे वर चढलेले, मान खाली. फोटो बिघडला म्हणून मी तो बाजूला टाकला होता.

ती सावली थकलेल्या बाईची आहे. तिला घरी जायचं आहे, आणि कुठल्या घरी हे तिला नीट सांगता आलं नसतं. आईने विचारलं होतं त्याचं उत्तर त्या फोटोत होतं. दोन्ही प्रती मी माझ्याकडेच ठेवल्या.