गुडघ्यावरचा कासोटा

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेबद्दल माझ्या वाचनात जे आले, ते बहुतेक तिच्या राजकारणाविषयी, नाहीतर ढोलपथकांच्या आवाजाविषयी. पोशाखाच्या वाट्याला ‘पारंपरिक वेशभूषा’ हे दोनच शब्द येतात. ही परंपरा नेमकी कोणाची, असे मीही कधी विचारले नव्हते. ते विचारले माझ्या आईने, शिवणयंत्राशेजारी बसून.

डोंबिवलीची स्वागतयात्रा गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केली आणि तिचे लोण पुढे ठाणे, गिरगाव असे पसरत गेले. म्हणजे प्रथा जेमतेम पंचवीसेक वर्षांची. तिच्यातला वेश मात्र आपण अनादि धरून चालतो. गेल्या पाडव्याला आमच्या इमारतीने भातशेतीचा चित्ररथ करायचे ठरवले. आवणी करणाऱ्या सहा बायका, एक नांगरधारी आणि थर्माकोलचा बैल. बायकांचे कपडे आमच्या घरी शिवायचे होते, कारण यंत्र आमच्याकडे आणि बहीण हौशी. माझी मुलगी त्या सहांपैकी एक.

शिवलेली नऊवारी म्हणजे खरे तर पायजमाच. दोन पाय शिवायचे, पुढे निऱ्यांचा पंखा कायमचा टाकायचा, मागे काठ फिरवून कासोट्याचा आभास करायचा, कमरेला नाडी. दोन मिनिटांत घालून होते. शुद्धतावादी मंडळी या शिवणीवरच तुटून पडतात. मला ती टीका उथळ वाटते. ज्या मुलीला आठवडाभर लोकलने कामावर जायचे आहे, तिने एका सकाळसाठी आठ मीटर कापड नेसायला शिकावे हा आग्रह कशासाठी? अडचण शिवणीत नाही, उंचीत आहे. बाजारात मिळणारी बहुतेक शिवलेली नऊवारी घोट्यापर्यंत येते. आम्ही नमुना म्हणून आणलेलीही तशीच होती, जांभळ्या कृत्रिम रेशमाची.

आईने ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि माझ्या बहिणीला म्हणाली, “ह्यात चिखलात कोण उतरतं गं?”

या प्रश्नाला वस्त्राच्या इतिहासात उत्तर आहे. लुगड्याची उंची कामावर ठरत असे. शेतात, खाचरात, खाडीत उतरणारी बाई ते गुडघ्यावर आवळून नेसे; जिला उन्हात राबायचे नसे तिचे घोट्यावर रुळे. राजा रविवर्म्याच्या चित्रांतून आणि पुढे त्याच्या छापखान्यातल्या तसबिरींतून घरोघरी पोचली ती दुसरी बाई. बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रियांनी केली, तीही दुसरीच. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’ने तिला आणखी झळाळी दिली. स्वागतयात्रेतली ‘पारंपरिक’ स्त्री या वंशातली आहे. तिच्यात सौंदर्य नाही असे मी म्हणत नाही. पण ती घरात बसलेल्या बाईची परंपरा आहे आणि आम्ही ती भात लावणाऱ्या बाईला नेसवत होतो.

आईची आई भात लावत असे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, पेण तालुक्यात, दुसऱ्याच्या खाचरात, डोक्यावर इरले घेऊन. हे मला माहीत होते, पण एखादा पत्ता माहीत असावा तसे. आई लग्नानंतर डोंबिवलीत आली ती पाचवारी नेसूनच, आणि आजीचा एकही फोटो तिने कधी भिंतीवर लावला नाही. एकच फोटो आहे. त्यात आजीच्या पोटऱ्या उघड्या दिसतात. “लोक काय म्हणतील,” एवढेच ती त्या दिवशी म्हणाली आणि कपाटातून तो काढून आणला.

मग तिने नेसवून दाखवले. सुती कापडच हवे, रेशीम घसरते. कमरेला गाठ मारल्यावर कापड दुमडून वर घ्यायचे, मग कासोटा मागे असा ओढायचा की मांडीला धरून राहील. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असे वाटले नव्हते. माझी मुलगी कळवळली. “आजी, घट्ट होतंय!” “वाकून बघ,” आई म्हणाली. मुलगी वाकली, उठली, पुन्हा वाकली. काहीही सुटले नाही.

इमारतीच्या बैठकीत मात्र बाकीच्या पाचजणींनी नकार दिला. चांगले दिसत नाही, पाय दिसतात, फोटो सगळीकडे जातात. माझ्याच शेजारणींना दोष देणे सोपे आहे. आईने जी लाज पन्नास वर्षे बाळगली तीच ही. फरक इतकाच की आईच्या लाजेला कारण होते, ती गरिबी होती. या लाजेला आता ‘संस्कृती’ हे नाव मिळाले आहे. शेवटी पाच घोटे झाकलेल्या आणि एक गुडघ्यावरची, असा आमचा चित्ररथ निघाला. कलाकृती म्हणून पाहिले तर तो फसला. पाचजणी नथ सावरत प्लास्टिकची रोपे हातात धरून उभ्या होत्या. खरोखर वाकली ती एकटी माझी मुलगी, कारण वाकता येईल असे तिच्याच अंगावर होते.

फडके रोडवर ध्वनिक्षेपकावरून एकेका रथाचे वर्णन चालले होते. आमचा रथ समोर आला तेव्हा निवेदकाने बळीराजाचा जयजयकार केला, पाचजणींना ‘आपल्या मराठमोळ्या लेकी’ म्हटले, आणि माझ्या मुलीकडे पाहून म्हणाला, “आणि सोबत आहे आपली कोळीण!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमातल्या कोळीगीतांपलीकडे गुडघ्यावरचे लुगडे त्याने कुठे पाहिले असणार? आई कट्ट्यावर खुर्ची टाकून बसली होती. मी तिच्याकडे पाहिले. ती हसत होती की नाही ते मला नीट कळले नाही. घरी आल्यावर तिने लुगडे धुतले, वाळवले आणि घडी करून स्वतःच्या कपाटात ठेवले. फोटो मात्र टेबलावरच राहिला.