दप्तरानं स्वतःच निरोप्या धाडावा का?

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेला माणूस डेटाबेसवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण आजचा विषय मुळात माझ्याच प्रांतातला आहे: नोंद करणं वेगळं आणि कृती करणं वेगळं.

मागच्या वर्षी एका पतसंस्थेकडून मला मोबाइलवर निरोप आला, ‘आपल्या ठेवीचं नूतनीकरण झालं.’ पासबुक घेऊन गेलो, तर नोंदच नाही! माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं चौकशी करून उलगडा केला. नोंद पडताच डेटाबेसच्या आतला कोड, म्हणजे ट्रिगर, बाहेरचा एक प्रोग्रॅम चालवत होता आणि तो प्रोग्रॅम निरोप पाठवत होता. पुढची पायरी फसली, व्यवहार रोलबॅक झाला, नोंद मागे घेतली गेली. निरोप मात्र गेला तो गेलाच.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमध्ये व्याख्यानं दिली. काही वाक्यं वस्तुस्थिती सांगतात, तर काही वाक्यं उच्चारणं हीच एक कृती असते, असा भेद त्यांनी मांडला. डेटाबेसचं वचन असं की व्यवहार पुरता होईल, नाहीतर मुळीच होणार नाही. हे वचन त्याच्या चार भिंतींच्या आतलं. बाहेरचा प्रोग्रॅम त्यात बसत नाही. म्हणजे नोंद अजून कच्ची असताना आपण जगात पक्की कृती करून मोकळे होतो. माझा पहिला आक्षेप हा.

दुसरा आक्षेप अधिकाराचा. पोस्टग्रेस्क्यूएलच्या ९.३ आवृत्तीत, २०१३ साली, ‘कॉपी’ या आज्ञेला प्रोग्रॅम चालवायची सोय मिळाली. सोय खरी आहे. दाबून ठेवलेली फाइल उलगडत थेट तक्त्यात भरता येते. पण तो प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो, आणि सर्व्हर ज्याच्या नावानं चालतो त्याच्या अधिकारानं चालतो. आज्ञा देणाऱ्याच्या नव्हे. म्हणून आधी ही मुभा फक्त सुपरयूजरला होती. २०१८च्या अकराव्या आवृत्तीत तिच्यासाठी वेगळी भूमिका आली. २०१९ साली या सोयीची सुरक्षेतला दोष म्हणून नोंद झाली, तेव्हा निर्मात्यांचं उत्तर होतं की हा दोष नव्हेच. ज्याला हा अधिकार दिला, त्याच्यावर विश्वास टाकलेलाच आहे. तर्क बिनचूक आहे. पण लहानशा कार्यालयात सगळं सॉफ्टवेअर एकाच सुपरयूजरच्या पासवर्डावर चालत असेल, तर विश्वास टाकला कोणी आणि कोणावर? मायक्रोसॉफ्टनं एसक्यूएल सर्व्हरच्या २००५च्या आवृत्तीपासून अशीच सोय मुळात बंद ठेवली. ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आपल्या वऱ्हाडात पटवारी लिहायचा, पाटील अंमल करायचा, निरोप कोतवाल न्यायचा. ती व्यवस्था वंशपरंपरेची होती, जातीची होती. गेली ते बरंच झालं. पण लिहिणारा हात आणि बजावणारा हात वेगळा, एवढं तिच्यातलं घेण्यासारखं आहे.

मग करायचं काय? त्याच व्यवहारात दुसऱ्या तक्त्यात नुसतं लिहून ठेवा, ‘हा निरोप पाठवायचा आहे.’ व्यवहार पक्का झाला की बाहेरचा वेगळा प्रोग्रॅम ते वाचून निरोप पाठवील. व्यवहार फसला, तर ती चिठ्ठीही त्याच्यासोबत जाईल. पाठवल्यावर खूण करण्याआधीच तो प्रोग्रॅम बंद पडला, तर निरोप दोनदा जाऊ शकतो, हे कबूल. त्यासाठी प्रत्येक निरोपाला क्रमांक द्यावा. खरा निरोप दोनदा आलेला परवडतो हो. खोटा एकदाही परवडत नाही.

मी चार पावलांवर राहतो, माझं काही बिघडलं नाही. पण ‘पैसे जमा झाले’ वाचून एखादा शेतकरी मजुरी बुडवून, एसटीचं भाडं खर्चून चिखलीला येतो आणि रिकाम्या हातानं परततो, तेव्हा ‘रोलबॅक झाला’ हे त्याला कोणत्या तोंडानं सांगणार? त्याचा दिवस काही रोलबॅक होत नाही.

विचारा आता, काय विचारायचं ते.